मोहातलं केळं

पनामा हा शब्द आपल्याकडे सहसा चांगल्या बातमीत येत नाही. पत्रकाराला २०१६ साली फुटलेली कागदपत्रं आठवतात, केळीबागायतदाराला मर रोग. पानं कडेने पिवळी पडून बुंध्यालगत मोडून लोंबायला लागली की तो म्हणतो, ‘पनामा आला.’ वास्तविक हा रोग आधी नोंदला गेला ऑस्ट्रेलियात, १८७६ साली. पुढे त्याने पनामातल्या बागाच्या बागा झोपवल्या आणि नाव त्या देशाच्या माथी बसलं. (हॅटचं उलटं झालं. ती विणतात इक्वेडोरात, मिरवते पनामाचं नाव.)

पनामाचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ते तिथल्या स्वयंपाकघरात आहे. सोलून खायचं केळं तिथे गिनेओ, शिजवून-तळून खायचं ते प्लातानो. बोटीत चढून परदेशी जातं ते पहिलं, घरच्या ताटात पडतं ते दुसरं. प्लातानो म्हणजे आपल्या राजेळीचं भावंड: लांब, कंगोरेदार, कच्चं असताना पिठूळ.

पाताकोन नावाच्या तळलेल्या कापांसाठी ते हिरवंगारच लागतं. साल हाताने सुटत नाही. सुरीने उभी चीर देऊन उचकटावी लागते आणि चिकाने बोटं काळी होतात. बोटभर जाडीचे काप आधी नुसते मऊ होईतो तळायचे, गरम आहेत तोवर बाटलीच्या बुडाने दाबून चपटे करायचे आणि पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे. पहिल्या तळणीतच लाल केले तर दाबताना भुगा होतो. वर मीठ, दुसरं काही नाही. तळलेल्या माशाशेजारी हे हटकून असतात.

तेच केळं पिवळं झालं की तिरपे काप करून तळतात. आणि साल काळी पडली, आपण ‘गेलं’ म्हणून गाईपुढे टाकू अशा अवस्थेला आलं, की त्याची खरी वेळ येते. गूळ-दालचिनीच्या पाकात ते मुरेतो शिजवतात. नाव ‘प्लातानो एन तेन्तासिऑन’, म्हणजे मोहातलं केळं. पोळीशी शिकरण वाढावी तसं हे भाताशी, मांसाशी वाढतात. अमेरिकेत केळीचे कंद १५१६ साली कॅनरी बेटांतून नेले ते तोमास दे बेर्लांगा या संन्याशाने, असं ओव्हिएदो हा स्पॅनिश बखरकार सांगतो. हाच बेर्लांगा पुढे पनामाचा बिशप झाला. बिशपने आणलेल्या फळाला लोकांनी मोह चिकटवला, हे मला फार आवडतं.

एकाच फळाच्या प्रत्येक वयाला मान देणारं हे स्वयंपाकघर. त्याच देशात कंपन्यांनी निर्यातीसाठी मैलोन्‌मैल ग्रो मिशेल ही एकच जात लावली, आणि मर आली तेव्हा वाचवायला दुसरी जात बागेत नव्हती. मग कॅव्हेंडिश आली. जळगावची ग्रँड नैन त्याच कुळातली. आपणही आता तिलाच केळं म्हणतो. आंबा घेताना देवगड की रत्नागिरी हे दोनदा विचारणारा मराठी माणूस केळीवाल्याला फक्त ‘किती डझन’ एवढंच सांगतो. वसईची सुकेळी ज्या राजेळीची करतात, ती पुण्यामुंबईच्या किती मुलांनी पाहिली आहे?

मी परवा मंडईत विचारली. ‘ती वेफरवाले उचलतात,’ भाजीवाली म्हणाली आणि भाजीची केळी पुढे केली. तीच आणली. वाटीच्या बुडाने दाबताना कडा चिरल्या, दोन काप वाटीलाच चिकटून राहिले, उरलेले कुरकुरीत झाले. घरातून पहिला प्रश्न आला, ‘उपवासाला चालतील का?’ शेंगदाण्याच्या तेलात तळलेत, म्हटलं, चालायला हवेत.