डोके एकाचे, निवड दुसऱ्याची

हेल्मेटसक्तीची घोषणा झाली की पुण्यात दोन गोष्टी हमखास घडतात. पदपथांवर हेल्मेटांचे ढीग लागतात आणि सक्तीच्या विरोधात बैठका भरतात. १ जानेवारी २०१९ रोजी पोलिसांनी कारवाई सुरू केली तेव्हाही तेच झाले. निवेदने गेली, निदर्शने झाली आणि डोके आमचे आहे, त्याचे काय करायचे ते आम्ही पाहू, हा जुना सिद्धांत नव्याने मांडला गेला. वास्तविक कायद्यात नवे काहीच नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ तोवर चांगले तीस वर्षांचे झाले होते.

या सिद्धांताची टिंगल करणे सोपे आहे. पण त्याचे कूळ मोठे आहे. प्रौढ माणसावर केवळ त्याच्याच भल्यासाठी बळजोरी करण्याचा हक्क समाजाला नाही, असे जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'त मांडले. त्या मिलचे संस्कार घेऊन आगरकर याच पुण्यात लढले. तेव्हा सक्तीला विरोध करणारा प्रत्येक जण बेशिस्तच असतो, असे मानायचे कारण नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने २०१२ मध्ये एकवीस वर्षांवरील चालकांना हेल्मेट न घालण्याची मुभा दिली, पण वैद्यकीय विमा उतरवण्याची अट घालून. स्वातंत्र्य घ्या, पण इस्पितळाचे बिल दुसऱ्यावर टाकू नका, असा तो रोकडा व्यवहार होता. आपल्याकडे मुभा मागताना या दुसऱ्या अटीचे नाव कोणी काढत नाही.

तत्त्व बाजूला ठेवून बोलू लागले की मग खरी कारणे बाहेर येतात. केस गळतात, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, सिनेमाला गेल्यावर हे मडके ठेवायचे कुठे? यातले शेवटचे कारण मला मनापासून पटते. पण सर्वांत लाडके कारण म्हणजे शहरात गाडी पंचवीसच्या वर जातेच कुठे! इथे शाळेतले पदार्थविज्ञान आठवावे. दीड मीटर उंचीवरून डोके खाली आले तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो. म्हणजे गाडी उभी असताना तोल गेला तरी एवढा वेग नुसत्या पडण्याने मिळू शकतो. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलचा थर त्या धक्क्यात चेपतो, डोके थांबायला क्षणाचा काही भाग जास्त मिळतो आणि तेवढ्यावर कवटी वाचते. जगभरच्या अभ्यासांचा २००८ मध्ये घेतलेला कोक्रेन आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

तरीही कोणी म्हणेल, कळले, पण धोका माझा आहे. ठीक. मग केंद्रीय वाहतूक मंत्रालयाची २०२२ ची आकडेवारी पाहा. त्या वर्षी देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यांवर मेले. त्यांतले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते.

निवडीचा सगळा युक्तिवाद मला इथे अडखळताना दिसतो. घरात हेल्मेट एकच असते आणि ते चालवणाऱ्याचे असते, कारण पावती त्याच्या नावाने फाटते. बायको पदर नाहीतर ओढणी सावरत मागे, मूल पुढे टाकीवर किंवा दोघांच्या मध्ये. सासरची माणसे हसतील, हे दुकान आहे की लढाई, असे ऐकावे लागेल, म्हणून ती हेल्मेट मागत नाही. मुलाला तर कोणी विचारतच नाही. हा मिलचा प्रौढ, स्वतंत्र नागरिक नव्हे. मिलने मुलांना आपल्या नियमातून वगळलेच होते.

सरकारची बाजू घ्यावी, तर सरकारही तसे वागत नाही. चौकाच्या आडोशाला उभे राहून सावज टिपल्यासारखी गाडी अडवायची, आणि मार्चअखेर जवळ आली की कारवाईचा जोर वाढवायचा, हे पाहिल्यावर काळजी डोक्याची आहे की तिजोरीची, असा प्रश्न लोकांना पडला तर चूक कोणाची? खड्डे बुजवायचे नाहीत आणि खड्ड्यात पडणाऱ्याला दंड करायचा, हा रागही रास्त आहे. मात्र तो राग काढायला महापालिकेची पायरी आहे. त्यासाठी उघडे डोके रस्त्यावर आणण्याची गरज नाही.

मला सक्ती हवी आहे, पण ती मागच्या आसनापासून सुरू झालेली. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट घाला आणि वेग चाळीसच्या आत ठेवा, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. शाळा सुटताना कोणत्याही फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहा आणि तो पाळणाऱ्या गाड्या मोजा. हाताची बोटे पुरतील.