तिसऱ्या वर्गाचे डबे किती?

खेळातली आगगाडी म्हणजे केवळ पोराटोरांचा उद्योग, असे समजू नका. जर्मनीत मोठी माणसे उभे आयुष्य या छंदात घालवतात. मेर्कलिन ही तेथील खेळण्यांची कंपनी 1859 पासूनची. या गाड्यांचे सर्वांत रूढ माप म्हणजे खऱ्या गाडीचा 87वा हिस्सा.

इंजिन काय, पैसे टाकले की मिळते. कस लागतो तो डबे जोडताना. कोणत्या साली, कोणत्या गाडीला, कोणत्या वर्गाचे किती डबे होते आणि कोणत्या क्रमाने, हे सगळे जुळावे लागते. अडचण जागेची. 1950 नंतरचा 26.4 मीटर लांबीचा डबा या मापात 30 सेंटिमीटर भरतो. बारा डबे जोडले तर गाडी साडेतीन मीटरच्या पुढे जाते. घरात एवढी जागा कुणाची? मग चार-पाच डब्यांवर भागवायचे. आणि काटछाट सुरू झाली की पहिली कुऱ्हाड साध्या डब्यांवर! भोजनाचा डबा राहतो, पहिला वर्ग राहतो, लाकडी बाकांचा तिसरा वर्ग मात्र जातो. आम्हा कारकुनांना असा बिघडलेला ताळेबंद लगेच खुपतो.

1928 हे साल पाहा. त्या वर्षी जर्मन रेल्वेने चौथा वर्ग बंद केला. ओझी-टोपल्या घेऊन, पुष्कळदा उभ्यानेच जाणाऱ्या गरिबांचा तो वर्ग. त्याच वर्षी मे महिन्यात ‘राइनगोल्ड’ ही जांभळ्या-मलई रंगाची आलिशान गाडी निघाली. तिच्यात स्वयंपाकघराचा एक आणि त्याविना एक अशी डब्यांची जोडी असे. जेवण जागेवर येई. तिसरा वर्ग तिला नव्हताच, म्हणून मॉडेलमध्येही नको. पण त्या काळच्या नेहमीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत भरणा तिसऱ्या वर्गाचाच होता. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिसेंबर 1938 अखेर नाझी सरकारने ज्यूंना भोजनाच्या आणि झोपण्याच्या डब्यांत बंदी केली. नंतरच्या सालची गाडी सजवणाऱ्याने त्या डब्यात कोण बसले नव्हते, हेही जाणून असावे.

3 जून 1956 रोजी तिसरा वर्ग गेला. म्हणजे झाले काय, तर पूर्वीचा दुसरा पहिला ठरला आणि तिसरा दुसरा! कित्येक डब्यांवर आकडाच काय तो बदलला. म्हणून डब्यावर ‘3’ असेल, तर त्या गाडीला 1956 नंतरचे इंजिन लावू नये.

1959 पासून चंदेरी, रंग न दिलेले पोलादी डबे लोकल गाड्यांना आले. त्यांच्या मिश्र डब्यात पहिला वर्ग मधोमध आणि दोन्ही टोकांना दुसरा. शेवटच्या डब्यात सामान व चालकाची खोली, त्यामुळे परतताना इंजिन पुढे आणावे लागत नसे. 1971 ची ‘इंटरसिटी’ तर फक्त पहिल्या वर्गाची होती. दुसऱ्या वर्गाला तिच्यात सरसकट जागा मिळाली ती 1979 मध्ये. तेव्हापासून पहिल्या वर्गाचे डबे एकीकडे, दुसऱ्याचे दुसरीकडे आणि मध्ये भोजनाचा डबा.

पाचच डब्यांत 1930 च्या सुमाराची गाडी बसवायची असेल, तर इंजिनामागे सामानाचा डबा, मग तिसऱ्या वर्गाचे तीन, शेवटी पहिल्या-दुसऱ्याचा एक मिश्र डबा. भोजनाचा डबा सहाव्याला जागा झाली तर जोडावा.