दुर्बीण घ्यावी की छर्रे?

या आठवड्याचं पत्र आलंय कळंबहून. यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब बरं का, चिंतामणी गणपतीचं! धाराशिवकडेही एक कळंब आहे. मागे एकदा पाकिटावर जिल्हा लिहायला मी विसरले आणि माझं उत्तर तिकडे फिरून परत माझ्याच दारात आलं. म्हणून आधीच सांगून टाकलं.

पत्र लिहिणारी मुलगी नववीत आहे. शाळेत एनसीसी आहे, आणि शिबिरात तिनं पहिल्यांदाच पॉइंट टू-टू रायफल चालवली. पाच गोळ्या मारल्या, पाचही कागदावर लागल्या, पण एक इकडे, एक तिकडे, अगदी थाळीभर पसरल्या. तरी तिला ते फार आवडलं. आता तिला स्पर्धेत उतरायचंय. तिच्या चुलतभावानं तिला एक जाहिरात दाखवली. रायफलवर बसवायची दुर्बीण, लांबचं चोवीस पट मोठं दाखवणारी, आणि किंमत म्हणे निम्म्यावर. पत्राच्या तळाशी तिच्या बाबांनी वेगळ्या शाईत दोन ओळी लिहिल्या आहेत. कापसाचे पैसे आलेत, त्यातले थोडे पोरीसाठी बाजूला काढता येतील, पण स्वस्त आणि चांगली कोणती ते सांगा, पैसे मातीत जायला नकोत.

हे वाचून मला माझीच फजिती आठवली. सहावीत असताना जत्रेत मी खाऊचे सगळे पैसे घालून एक दुर्बीण घेतली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘३० पट’ असं लिहिलेलं होतं. घरी येऊन पाहते तर समोरच्या कडुनिंबाला इंद्रधनुष्याची झालर! आणि हात असा थरथरायचा की फांदीवरचा कावळा क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे. ते तीस पट खरं होतं की खोटं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण काही स्थिर दिसेचना. तेव्हापासून दुर्बिणीवरचा मोठा आकडा पाहिला की मी खिशावर हात ठेवते.

आता मुद्द्याची गोष्ट, जी जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते. ऑलिंपिकमध्ये रायफलचे जे नेमबाजी प्रकार असतात, त्यात रायफलवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही! दुर्बीणच काय, नेम धरायच्या साधनात एकही भिंग चालत नाही. नेमबाजानं स्वतःचा चष्मा घातला तर चालतो, तेवढंच.

मग ते नेम धरतात तरी कसा? रायफलीच्या मागच्या बाजूला एक चकती असते, तिला जेमतेम मिलिमीटरभर भोक. नळीच्या टोकाला एक बारीक कडं. भोकातून पाहायचं, कड्याच्या मधोमध काळं वर्तुळ आणायचं, आणि वर्तुळाभोवती पांढरी पट्टी सगळीकडून सारखी दिसली की चाप ओढायचा. याला म्हणतात पीप साइट. आपला डोळा गोलात गोल बसवण्यात फार हुशार असतो. ताटाच्या मधोमध वाटी ठेवलीय की कडेला सरकलीय, हे तुम्हाला पट्टी न लावताच कळतं ना? तसंच हे.

आणि बारीक भोकाची एक गंमत आताच करून पाहा. पोस्टकार्डाला टाचणीनं भोक पाडा. ज्याला लांबचं अंधुक दिसतं अशा मित्राला चष्मा काढून त्या भोकातून फळ्याकडे पाहायला सांगा. अक्षरं स्पष्ट होतात! भिंग नाही, काही नाही. भोक तिरपे किरण अडवतं, म्हणून चित्र रेखीव होतं.

१० मीटर एअर रायफलच्या कागदावर मधला दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. शिसपेन्सिलीचं टोक टेकवा, तेवढा. तो नेमबाजाला उभ्या जागेवरून दिसतसुद्धा नाही. त्याला दिसतं ते साडेतीस मिलिमीटरचं काळं वर्तुळ. आणि तरीही ठिपक्यावर छर्रे बसतात! ५० मीटरच्या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलं. दोघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती. आणि कळंबच्या मैत्रिणीसाठी खास सांगते, २००० च्या सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी अंजली भागवत पहिल्यांदा नेमबाजीकडे वळली ती एनसीसीतूनच.

म्हणजे ती चोवीस पटवाली दुर्बीण रायफलीवर बसवून ही मुलगी स्पर्धेला गेली असती, तर तपासणीच्या टेबलावरच तिला ती काढून ठेवावी लागली असती. शालेय स्पर्धेत एअर रायफलचे ओपन साइट आणि पीप साइट असे गट असतात. दुर्बिणीचा गट नाही. कापसाचे पैसे असे टेबलावर राहिले असते.

आता त्या थाळीभर पसरलेल्या पाच गोळ्यांकडे वळू. एनसीसीवाल्यांना ‘ग्रुप’ हा शब्द ठाऊक असेल. पाची भोकं रुपयाएवढ्या जागेत लागली, पण मध्यापासून दूर, तर चूक नेम धरायच्या साधनाची. ते थोडं सरकवलं की काम झालं. पण भोकं विखुरली असतील, तर चूक श्वासाची, खांद्याची, चाप हिसक्यानं ओढण्याची. ती चूक दुर्बीण दुरुस्त करत नाही. उलट चोवीस पट मोठी करून दाखवते! ती घालवायला लागतात छर्रे, शिकवणारं माणूस आणि सवड.

मग रायफलीवरची दुर्बीण कोण वापरतं? ऑलिंपिकबाहेर लांब पल्ल्याच्या नेमबाजीचे वेगळे प्रकार आहेत. त्यात एफ-क्लास नावाचा एक आहे. कॅनडातल्या जॉर्ज फार्क्वारसन यांनी तो सुरू केला, आणि एफ हे त्यांच्याच आडनावाचं अक्षर. वय झालं, नजर मंदावली, हात कापायला लागले म्हणून जुन्या नेमबाजांनी घरी बसू नये, हा त्यांचा हेतू. तिथे टेकू लावून, झोपून, दुर्बिणीतून हजार यार्डांपर्यंत नेम धरतात. मला हे फार आवडलं. दुर्बीण आली ती आजोबांसाठी, आणि जाहिरात मात्र नातवाला दाखवतात!

तरी समजा, पुढेमागे कुणाला अशी दुर्बीण घ्यायचीच झाली, तर स्वस्तातली कशी पारखायची? हे बाबांसाठीही आहे.

तिच्यावर ४ × ३२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. चार पट मोठं दिसणार, आणि पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं. आता ३२ ला ४ नं भागा. ८ आले. दुर्बिणीतून तुमच्या डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत ८ मिलिमीटर रुंद आहे. आता ४० चं भिंग आणि २४ पट घेऊन पाहा. झोत दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही! डोळा केसभर हलला की समोर काळोख. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते आणि अंधारात ती सातपर्यंत पसरते. कळंबकरांना हे रोजचं आहे. दुपारच्या उन्हातून चिंतामणीच्या पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्याशी गेलात की आधी काही सुधरत नाही, मग हळूहळू मूर्ती दिसायला लागते. ती बाहुली मोठी होत असते. पण नेमबाजी करायची ती उजेडात. म्हणून भलंमोठं भिंग घेऊन वजन आणि किंमत वाढवण्यात अर्थ नाही.

शिवाय आपलं विदर्भातलं ऊन! चैत्र-वैशाखात काळ्या जमिनीवरून हवा कशी लहरते, ते तुम्ही रस्त्यावर पाहिलंच असेल. दुर्बीण जितकी पटीनं मोठी, तितक्याच पटीनं त्या लहरीही मोठ्या. दहा वाजल्यानंतर चोवीस पटीतून कागद पाहिला तर तो पाण्यात पडल्यासारखा हलतो.

आता दुसरी परीक्षा. खिडकीच्या काचेवर शाईचा ठिपका काढा आणि त्यातून लांबचं झाड पाहा. डोकं डावी-उजवीकडे हलवा. ठिपका झाडावर इकडून तिकडे सरकतो. तोच ठिपका झाडाच्या खोडावरच असता तर सरकला नसता. दुर्बिणीच्या आतली फुलीही अशीच असते. लांबच्या अंतरासाठी बनवलेली दुर्बीण १० मीटरवर लावली तर कागद धूसर दिसतो आणि डोळा हलला की फुली सरकते. म्हणून पुढच्या बाजूला अंतराचे आकडे लिहिलेलं फिरतं कडं हवं, आणि त्यावर आपल्याला हवं ते अंतर असायला हवं. ते नसेल तर कितीही स्वस्त असली तरी दुकानातच राहू द्या.

तिसरी परीक्षा सगळ्यात खरी. दुर्बिणीला दोन घुंड्या असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे नेणारी. फिरवली की कट्‌ कट्‌ वाजते. बहुतेक दुर्बिणींत एक कट्‌ म्हणजे पाव कला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, भूमितीत मिनिट म्हणतात तोच. १०० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. आता गणित करा, ५० मीटरवर ४० कट्‌ म्हणजे किती? साधारण साडेचौदा सेंटिमीटर. दुर्बीण रायफलीवर न लावता वाळूच्या पिशवीत घट्ट बसवा. समोरच्या भिंतीवर खडूनं तेवढा चौकोन काढा आणि फुली एका कोपऱ्यावर आणा. मग ४० वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. फुली चारही कोपरे गाठून पहिल्या कोपऱ्यावर परत आली तर दुर्बीण प्रामाणिक. नाही आली, तर काच आरशासारखी लखलखीत असली तरी उपयोग नाही. माझं म्हणाल तर काच थोडी मंद चालेल, पण कट्‌ खोटा चालणार नाही. गोळी पृथ्वीच्या ओढीनं खाली येतेच, पॉइंट टू-टूची ५० मीटरवर जवळजवळ १२ सेंटिमीटर. ते अंतर भरून काढायचं ते या कटांवरच.

हां, आणि स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन हिसके देते. त्यात स्वस्त दुर्बिणीची आतली भिंगं ढिली होतात. त्या रायफलीसाठी बनवली आहे का, हे विचारूनच घ्यावी.

आता एक चांगली बातमी. एक दुर्बीण स्पर्धेत चालते! ५० आणि ३०० मीटरच्या प्रकारांत रायफलीला न जोडलेली, बाजूला तिपाईवर ठेवलेली दुर्बीण नियमात बसते. गोळी कुठे लागली आणि वारा कसा आहे, ते तिच्यातून पाहतात. पॉइंट टू-टूचं भोक ५.६ मिलिमीटरचं. ५० मीटरवरून डोळ्याला ते अर्ध्या कलेपेक्षाही लहान, आणि साध्या डोळ्याला साधारण एका कलेच्या खालचं दिसत नाही. वीस पट केलं की साडेसात कला. झालं काम! अशी एक तिपाईची दुर्बीण साऱ्या शाळेत मिळून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला किती कमी खर्च येईल? तीच टिपेश्वरच्या अभयारण्यात पाखरं बघायला नेता येईल आणि रात्री तिच्यातूनच गुरूचे चार चंद्र दिसतील. फक्त सूर्याकडे कुठल्याच दुर्बिणीतून बघायचं नाही, कधीच नाही.

तर कळंबच्या मैत्रिणी, बाबांना सांग की आत्ता रायफलीवरची दुर्बीण घेऊ नका. त्या पैशांत छर्रे आणि कागद घ्या, आणि यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन सरावाची सोय कुठे आहे ते विचारा. सराव रेंजवरच करायचा, शिकवणारे जवळ असताना. छर्ऱ्याची असली तरी ती रायफल आहे. अंगणात नाही, पाखरांवर तर नाहीच नाही. पुढे ‘मावळंकर’ हे नाव तुझ्या कानावर पडेल. राष्ट्रीय स्पर्धेआधीची ती एक मोठी पायरी. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावानं ती स्पर्धा भरते. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकारानं, आणि तिचे पहिले अध्यक्षही तेच.

पुढच्या शिबिरात पाच गोळ्या मारशील तेव्हा तो कागद जपून ठेव. मागे तारीख घाल, वारा होता की नव्हता ते लिही, आणि मला पाठव. भोकं थाळीएवढ्या जागेत आहेत की वाटीएवढ्या, ते मी पट्टी लावून मोजणार आहे.