नवं वाण आधी एक एकरात लावतात, साहेब

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. फुलंब्री तालुका, जि. छत्रपती संभाजीनगर.



काल कापसाची दुसरी वेचणी चालू असताना वस्तीवरच्या एक काकू भरदुपारी घरी आल्या. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर आमच्या शेतकरी गटानं नुकसानीची यादी केली होती. तिच्यात आपला गट नंबर बरोबर लागला का, एवढंच त्यांना बघायचं होतं. यादी गटाच्या कॉम्प्युटरमध्ये. एरवी मी ती दोन मिनिटांत काढून देतो. काल अर्धा तास माऊस फिरवला, घाम फुटला, अन् शेवटी म्हणालो, "काकू, उद्या बघू." बाई मजुरी बुडवून आली होती हो.

झालं काय, तर आठवड्यापूर्वी कॉम्प्युटरला नवी सिस्टम टाकून घेतली. हरवलं काहीच नव्हतं, फक्त जागा बदलल्या. आपण बाहेर असताना कुणी खुरपी, कोयते, फवारणीचा पंप उचलून भलतीकडं ठेवावेत, तसं. भर हंगामात हा उद्योग केला ही चूक माझीच. पण पुढचं बोलणारच.

लोक म्हणतात, शिका की, बदलाला काय घाबरता? घाबरतंय कोण? आम्ही मोटेवरून ठिबकवर आलो. २००२ ला बीटी कापूस आला, तोही शिकलो. पण आपली रीत बघा. नवं वाण आधी एक एकरात, बाकी रानात जुनंच. कृषी विद्यापीठसुद्धा शिफारस करण्याआधी ठिकठिकाणी, काही हंगाम चाचण्या घेतं. कॉम्प्युटरवाल्यांची रीत उलटी. सगळं रान एकदम मोडायचं, अन् जुनं बियाणंही बाजारातून उचलायचं.

विंडोजचा इतिहास बघा. २०१२ ला विंडोज ८ आलं अन् कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब झालं. जगभर ओरड झाली. ऑक्टोबर २०१३ ला ८.१ मध्ये बटण परत आलं, अन् जुन्या धाटणीचा मेनू २०१५ च्या विंडोज १० मध्ये. म्हणजे ओरडणारे काही अडाणी नव्हते. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तेच बटण पट्टीच्या मधोमध गेलं. विंडोज १० चा आधार यंदा १४ ऑक्टोबरला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढं करून ठेवा.

सुरक्षा पाहिजेच, तिच्याबद्दल तक्रार नाही. कुलूप बदला, पण त्यासाठी दार दुसऱ्या भिंतीत कशाला नेता?

ज्यांनी ११ टाकलंय त्यांच्यासाठी, मला रात्री सापडलेल्या दोन गोष्टी. खालच्या पट्टीवर राईट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज, मग टास्कबार बिहेव्हिअर्स, तिथं अलाइनमेंट लेफ्ट करा. बटण डावीकडं येतं. अन् फाईल पेनड्राइव्हला पाठवायचं 'सेंड टू' दिसत नसेल, तर राईट क्लिक करून सगळ्यात खाली 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा. जुना मेनू उघडतो.

या पेजवर कृषी अधिकारी, शास्त्रज्ञ मंडळीही आहेत. आमच्यासाठी ॲप अन् पोर्टल करताना तुमचा शब्द चालतो. तेव्हा एवढं तरी सांगा: पेरणी, काढणी अन् पंचनाम्याच्या दिवसांत स्क्रीन बदलू नका. जुनी मांडणी निदान एक हंगाम चालू ठेवा. अन् कुठली गोष्ट कुठं गेली, ते मराठीत एका पानावर द्या. तुमच्या ऑफिसात अर्धा तास गेला तर चहा गार होतो, इथं बाईची मजुरी जाते.

काकूंची यादी आज सकाळी छापून वस्तीवर नेऊन दिली. गट नंबर बरोबर आहे.