टवाळी नव्हे, कणव



मिलोश फोर्मन यांच्या १९६५ सालच्या 'लव्हज ऑफ अ ब्लाँड' या चेक चित्रपटात कामकरी मुलींची टवाळी आहे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा आक्षेप मला सर्वथा अमान्य आहे. पादत्राणांच्या कारखान्यापायी जिथे मुली फार आणि पुरुष थोडे, अशा गावी व्यवस्थापकाच्या विनंतीवरून फौज धाडली जाते, आणि तरण्याबांड जवानांऐवजी आगगाडीतून उतरतात ते पोट सुटलेले, संसारी राखीव शिपाई. त्यांतला एक लग्नाची अंगठी चोरून काढू जातो, ती निसटून घरंगळते, आणि हा मेजांखालून रांगत तिच्या मागे धावतो! हसू येते ते या लबाडीचे, आणि तारुण्याची सोय हुकमाने लावू पाहणाऱ्या सरकारी बंदोबस्ताचे. नायिका आंदुलाचे खचित नव्हे. एका पियानोवादकाच्या शब्दावर विसंबून ती बॅग घेऊन प्रागला त्याच्या घरी जाते, आणि रात्री आतली आईबापांची वादावादी ऐकत दाराबाहेर गुडघ्यांवर बसून रडते, तेव्हा कोणता प्रेक्षक हसेल? त्या आईबापांच्या भूमिकाही फोर्मन यांनी मुद्दाम, व्यवसायाने नट नसलेल्या माणसांकडून करवून घेतल्या आहेत. आक्षेपकांनी निदान तो प्रवेश पुन्हा पाहावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक