चेंडू आहेत हो, खेळवणार कोण?

मंडळी, खडवली म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना भातसा नदी आणि पावसाळी पिकनिक आठवते. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा की आलंच. इतकं जवळ असल्यामुळे आमच्या आधीच्या कंपनीच्या सीएसआरवाल्यांचाही (नाव नको!) हा पट्टा भारी लाडका. वर्षातून एकदा बस काढायची, जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत क्रिकेटचे दोन सेट नि चार फुटबॉल द्यायचे, बॅनर धरून फोटो, पोरांशी तासभर लगोरी, की परत. पुढच्या वर्षी दुसरी शाळा. त्याच शाळेचा फोटो परत कोण टाकणार?

माझं सरळ म्हणणं आहे, हे बंद करा. चेंडूंसाठी ‘समग्र शिक्षा’ योजनेत २०१८ पासून प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांची तरतूद आहे. रक्कम थोडकी आहे, पण दोऱ्या, रिंगा, चेंडू येतात. अडतं ते माणसापाशी.

आणि माणूस का नाही, ते कायद्यातच लिहिलंय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडून त्याचं परिशिष्ट बघा. मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, सगळं आहे. पण शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक? तो फक्त सहावी ते आठवीला, तेही पट १०० च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला शून्य. पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक आणि पाच इयत्ता. म्हणजे एक बाई तीन इयत्ता एका खोलीत सांभाळणार, दुसरे गुरुजी पोर्टलवर माहिती भरणार, शिवाय निवडणूक आणि जनगणना आहेच (त्याची मुभा याच कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे). आता सांगा, खेळाच्या तासाला मैदानात कोण उभं राहणार?

यूडायसमध्ये मैदानाचा रकाना असतो. आपल्या भाषेत बूलियन. हो किंवा नाही. आठवड्यात त्या मैदानावर किती वेळ खेळ झाला हे त्या ‘हो’वरून कसं कळावं? फॉर्म आपल्याच बिरादरीतले लोक बनवतात, म्हणून जास्त चीड येते.

२०२४ मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला. कल्पना छान. राबवणार कोण? तेच दोघे!

मग काय होतं, तर केंद्रस्तरीय स्पर्धा जवळ आल्या की धावणारी आठ-दहा पोरं निवडायची आणि त्यांचा सराव घ्यायचा. बाकीची पोरं कडेला बसून टाळ्या वाजवतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार (प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे) महाराष्ट्राचे. आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेघा पुरतात, पण पाठीवर खो कसा द्यायचा, खांबावर कसं वळायचं हे कुणीतरी रोज ओरडून शिकवावं लागतं.

साधं गणित करू. एका केंद्रात समजा दहा शाळा. एक निदेशक, दिवसाला दोन शाळा, पाच दिवस. प्रत्येक शाळेला आठवड्यातून एकदा खेळ माहीत असलेला माणूस मिळाला. केंद्राला एक पगार. ही मागणी जिल्हा परिषदेकडे लावून धरायला हवी, आणि तोवर कंपन्यांनी बस-टीशर्ट-बॅनरचा पैसा या पगाराकडे वळवावा. तीन वर्षं, तेच केंद्र, तोच माणूस. इव्हेंट नको.

कुणाला स्वतः जायचंच असेल तर शनिवारी आपल्याला सुट्टी असते आणि त्यांची सकाळची शाळा असते. कसारा लोकल पकडा. फक्त आधी मुख्याध्यापकांना फोन करून विचारा, आणि एकदाच येणार असाल तर तेही त्यांना आधीच सांगा.