फियाटचं बॉनेट आणि माझी हुशारी

दसऱ्याला घरोघरी गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार घातले जातात. तुम्हीही मदत करत असाल, तर आज माझी फजिती ऐकाच!

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्याकडे हिरव्या रंगाची जुनी फियाट होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बॉनेटवर कावळ्याची शीट वाळून बसलेली दिसली. म्हटलं, बाबा ऑफिसातून यायच्या आत गाडी चकाचक करू! मोरीतली भांडी घासायची पावडर नि काथ्या घेतला आणि लागलो कामाला. डाग निघाला. वर पाणी ओतलं, तेव्हा बॉनेट झकास दिसत होतं. पण ते वाळलं आणि माझे डोळेच पांढरे झाले! परातीएवढा भाग पांढुरका पडला होता. आधी तिथे समोरचं आंब्याचं झाड दिसायचं. आता काहीच नाही.

वाटलं, सगळं कावळ्यावर ढकलावं. पण बाबांना बघताच रडू फुटलं आणि खरं ते सांगून टाकलं. बाबा बॉनेटवरून बोट फिरवत जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चल, बस गाडीत."

आम्ही गेलो गाड्या रंगवणाऱ्या चाचांकडे. त्यांनी मलाच विचारलं, "बेटा, रंग तर आहे. मग चमक गेली कुठे?"

याचं उत्तर तुम्हीही शोधू शकता. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा घ्या. चकचकीत बाजूला अंधूक का होईना, तोंड दिसतं. आता तो चुरगाळून पुन्हा सरळ करा. धातू तोच, पण तोंड गायब! गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशकिरण रांगेतल्या मुलांसारखे शिस्तीत परततात. खडबडीत पृष्ठभागावरून मात्र शाळा सुटल्यासारखे चहूकडे पांगतात. माझ्या पावडरीने बॉनेटवर असंख्य बारीक ओरखडे काढले होते. पाण्याने ते तात्पुरते भरले, म्हणून ओलं बॉनेट चमकलं! ऊन आणि हवासुद्धा रंगाचा वरचा थर हळूहळू असाच निस्तेज करतात.

चाचांनी रबिंग कंपाउंड लावून फडक्याने घासायला सुरुवात केली. बघतो तर फडकं हिरवं!

"चाचा, रंग निघतोय!" मी ओरडलो.

"निघणारच! ओरखडा भरता येत नाही. आजूबाजूचा रंग घासून त्याच्या पातळीला आणायचा. म्हणून जास्त घासलं, तर खालचा प्रायमर दिसेल."

मग आलं पॉलिश. त्यातली भुकटी आणखी बारीक असते. शेवटी मेणाचा हात. मेण चमक आणत नाही, आलेली चमक राखतं. या कामासाठी नावाजलेलं कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. कडक उन्हात पानातलं पाणी उडून जाऊ नये, म्हणून झाडच ते तयार करतं!

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. म्हणून फडक्याला रंग लागत नाही, पण तो थर झिजतोच. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा आपल्या केसाहूनही कमी! तेव्हा पॉलिश क्वचित, गाडी निस्तेज वाटली तरच, आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली करायचं. मेण मात्र दोन-तीन महिन्यांनी लावलं तरी चालतं. पाण्याचे टपोरे थेंब बनायचे थांबले, की मेण संपत आलं असं समजा.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. गाडी सावलीत, पत्रा गार असताना धुवा. आधी भरपूर पाणी ओता, कारण कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे वाळूने घासणंच. धुताना टपापासून खाली या. खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय वापरू नका. आणि पक्ष्याची शीट? ती लवकर काढा, पण त्यावर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून, अलगद.

परतताना मी विचारलं, "बाबा, रागावलात?"

"रंग थोडा गेला," बाबा म्हणाले, "पण तू खोटं बोलला नाहीस."

दुसऱ्या दिवशी बॉनेटमध्ये आंब्याचं झाड पुन्हा दिसत होतं. आणि पूजेच्या वेळी झेंडूचा हार बाबांनी माझ्याच हातात दिला.